हित्ताकुरु

वॉटफर्डहून लंडनला निघाले तेव्हा भाची तारा हसत सुटली. "मावशी, फोनला नाडी? सीरियसली?"

"परकराची आहे. तुटत नाही," म्हणत मी नाडीचं दुसरं टोक गळ्यातल्या पर्सला बांधलं.

लंडनच्या म्युझियममध्ये जगभरातले देव काचेआड बसवले होते. त्यांना इथे कोणी बोलावलं, हे पाटीवर लिहिलं नव्हतं.

बाहेर येऊन फोटो काढत होते, तेवढ्यात सायकलवरून हेल्मेटवाला आला आणि त्याने फोनला हिसका मारला. नाडी ताणली, मी दोन पावलं फरफटले आणि तो सायकलसकट आडवा झाला. उठून मलाच शिवी देऊन पळाला!

"हित्ताकुरी!" ओरडत माझ्याच वयाची एक जपानी बाई धावत आली. योको, कोबेची निवृत्त शिक्षिका. तिने फोन उचलून दिला आणि मोडक्या इंग्रजीत तिथेच शिकवणी सुरू केली. हित्ताकुरु म्हणजे हातातून जोराने हिसकावणं. तसं करणारा हित्ताकुरी. गुपचूप खिशातून काढलं तर नुसुमु (चोरणं).

"आणि ते आतलं?" मी म्युझियमकडे बोट दाखवलं.

ती विचारात पडली. "उबाउ (बळकावणं). मोठ्या लोकांचं क्रियापद. आमच्या लोकांनीही बरंच वापरलंय."

फोनची काच तडकली होती. चालतोय का पाहायला बटण दाबलं, तर ह्यांचा आवाज आला. "अगं, कुठे आहेस? कोथिंबीर आण. मागच्यासारखी पिवळी नको."

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. असे तीसेक व्हॉइस मेसेज होते, फक्त ह्याच फोनमध्ये. मी फुटपाथवर बसून चक्क रडले. योको शेजारी टेकली.

"काय म्हणाले?"

"कोथिंबीर."

तिने गंभीरपणे मान हलवली.

संध्याकाळी ताराने सगळे मेसेज कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. तिचा जन्म तिथलाच, त्यामुळे मराठी व्याकरणाचे हाल. "मावशी, काकांची सगळी मेसेज भाजीचीच आहे!"

"एकात सिलिंडर आहे. नीट ऐक."

सांगलीला परतल्यावर शेजारणींनी विचारलं, लंडनला काय पाहिलंत? म्हटलं, चोर पाहिला, पाडलाही. बाकीचं सांगितलं नाही. दोन वर्षं मी समजत होते, जायचं ते गेलं, आता भीती कसली. हातातून जाऊ शकेल असं अजून काही माझ्याकडे आहे, हे त्या हेल्मेटवाल्यामुळे कळलं. बिचाऱ्याचे आभार मानायचे राहिलेच.