चिनी दुकानातला वेखंडाचा वास

लेकीच्या आंघोळीनंतर वेखंडाची डबी उघडली, की मला कॉव्हेंट्रीतलं ते चिनी औषधांचं दुकान आठवतं. स्ट्रोकनंतर आईची वाचा गेली होती. स्पीच थेरपीहून परतताना बस चुकली आणि थंडी सोसेना, म्हणून आम्ही आत शिरलो. आईला काय झालंय ते मी दुकानातल्या बाईंना सांगितलं. त्यांनी लाकडी खणातून एक सुकलेली, गाठीगाठीची मुळी काढली. "डोक्यात धुकं साचलं, शब्द अडले, की आम्ही ही उकळून देतो," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या आणि मुळी मोडून त्यांनी आईच्या नाकाशी धरली. आईनं डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून अडखळत म्हणाली, "डोकं... नीट... पुसलंस?" तेव्हा कुठे मला तो वास ओळखू आला. वेखंडच, नाहीतर त्याची सख्खी बहीण! लहानपणी धाकट्या भावाला आंघोळीनंतर मी पुसायची आणि टाळूवर वेखंड चोळण्याआधी आई रोज हेच विचारायची. कित्येक आठवड्यांनी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य म्हणजे माझी उलटतपासणी होती आणि मी दुकानातच रडायला लागले. हल्ली लेकीला न्हाऊ घातलं की आई बाहेरच्या खोलीतून तेच विचारते, सावकाश, पण न अडखळता. "पुसलं गं आई," मी ओरडते. तिचा अजिबात विश्वास बसत नाही.