चित्रातल्या चपला

कात्री चालवण्याआधी विचार करावा, एवढं मला पंचेचाळिशीतही कळलं नव्हतं. आमच्या अहेरीच्या फ्रेमवाल्या चाचांनी दुकान बंद करताना मला एक जुनं विलायती चित्र भेट दिलं. ते घरातल्या फ्रेममध्ये बसेना, म्हणून मी खालून दोन बोटं कापलं. तिथे दारात काढून ठेवलेल्या चपलांशिवाय काहीच नव्हतं. आणि चपलांचं मला काय कौतुक, मी कचेरीतले बूट घालून थेट पलंगापर्यंत जाणारा माणूस.

चाचांचा मात्र सगळा जीव त्या चपलांत.

देव कुठे कुठे लपून बसतो, हे सगळ्या अहेरीत एकट्या चाचांना ठाऊक होतं. जन्मभर त्यांनी लोकांच्या देवांना, बुद्धाला, मक्का-मदिनेला सागवानी पट्ट्या ठोकल्या. पण स्वतः बघत बसायचे ते कॅलेंडरवरचं हे एकच चित्र. परक्या मुलखातली कुणी बाई भाजी चिरते आहे, बस. "जुने चित्रकार लय हुशार, भाऊ. देव उघडा नाई काढत, सैपाकघरात लपवत. दिवसा मेणबत्ती जळून राह्यली, म्हणजे कोणी आला आहे. घागर भरली, म्हणजे मन साफ. अन् चपला बाहेर, म्हणजे जागा पाक, पवित्र." हे त्यांना कुणी सांगितलं, ते कधीच कळलं नाही; दर खेपेला सांगणारा वेगळा असे. एका साहेबांनी कुटुंबाच्या फोटोतला कोपऱ्यातला झाडू कापायला सांगितला, तर चाचांनी फोटोच परत केला. "बाकी सारे पोज देऊन राह्यले, साहेब. खरा तेवढा झाडूच आहे." आमच्याकडे चहाला आले की विळीकडे इतक्या अदबीने बघत, की बायको ती ओशाळून आत सरकवी.

पुढे मोतीबिंदूने नजर गेल्यासारखीच झाली आणि चाचा कायमचे चंद्रपूरला, मुलीकडे निघाले. बसच्या आधी घरी आले. "एकडाव चित्र पाहून घेतो."

चित्र दाराशीच टांगलेलं. चाचांनी डोळे अगदी काचेला लावले. मग त्यांचा अंगठा खालच्या पट्टीवरून फिरत आला आणि थांबला.

"काऊन भाऊ, चपला कुठी गेल्या?"

"मीच कापल्या, चाचा. फ्रेममध्ये बसत नव्हत्या."

चाचांनी अंगठा पट्टीवरून उचलला. निघताना भिंतीला धरून पायाने चाचपडू लागले, तर चित्राच्या बरोबर खाली त्यांच्याच झिजलेल्या चपला सापडल्या.

"आहेत न," ते हळूच म्हणाले. "खाली उतरल्या फक्त."

त्यांना बसमध्ये बसवून मी परत आलो. बायको दारातच उभी होती.

"आता तरी बूट बाहेर काढत जा जी," ती म्हणाली.