अधिपतींनी न घेतलेला पेला

गूळबाजारातले तवनाप्पा मगदूम सहा फुटी माणूस. आवाज असा, की सौदा पुकारला की रस्त्यापलीकडचे बैल कान टवकारायचे. स्वभाव मात्र अगदी मऊ. त्यांची खंत एकच होती. वर्गणीला गल्ली त्यांच्या दारात सगळ्यांत आधी यायची, सल्ल्याला कधीच नाही.

अशा माणसाला एकदम एका परग्रहाचं राज्य मिळालं. कोल्हापुरात तेव्हा टीव्ही नुकताच आला होता आणि बाहेरची काही मंडळी इथल्या स्टुडिओत एक मालिका करत होती. तिच्यात एका लढवय्या जमातीचा अधिपती हवा होता. तवनाप्पांना पाहताच दिग्दर्शकाचा शोध संपला. त्यांच्या कपाळावर शिंगं आली, छातीवर रेक्झिनचं चिलखत चढलं, आणि तालमीतली पोरं सैनिक म्हणून हाताखाली आली.

विजयाचा प्रसंग रखडत संध्याकाळवर गेला. अधिपतीनं शत्रूच्या रक्ताचा पेला सैन्यासमोर एका दमात रिकामा करायचा होता. रक्त म्हणजे कोकम सरबत. पण तवनाप्पा पक्के जैन. दिवस मावळल्यावर त्यांनी उभ्या जन्मात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. सांगावं तर सगळ्यांचा खोळंबा. कॅमेरा सुरू झाला, पेला ओठांपर्यंत गेला, आणि घाबरून त्यांनी तो शेजारच्या भालेवाल्याच्या, पिराजीच्या, हातात कोंबला. पिराजी सकाळपासून उभा, घसा कोरडा पडलेला. अर्धा पिऊन त्यानं तो पुढं दिला. दिग्दर्शक जाम खूश झाला.

तो भाग टीव्हीवर दिसला आणि गल्लीत एकच बोलणं सुरू झालं: राजा असावा तर असा, आपण तहानलेला राहून आधी सैन्याला पाजतो. पुढं महापालिकेची निवडणूक लागली, तेव्हा पिराजीच हार घेऊन दारात हजर.

"आण्णा, ह्या वेळंला तुम्हीच. तालमीतली पोरं दुसऱ्याचं नाव घिऊ देत न्हाईत."

तवनाप्पा हरखले. इतक्या वर्षांनी गल्ली काही विचारायला आली होती! पण त्यांना जेवण गोड लागेना. खरं सांगितलं तर हसं होणार आणि खुर्ची जाणार. नाही सांगितलं तर ती खुर्ची जन्मभर टोचणार.

पहिल्याच कोपरा सभेत त्यांनी लिहून दिलेलं भाषण खिशात घातलं.

"मंडळी, सैन्यासाठी म्हणून मी पेला दिला नव्हता. दिवस मावळलावता, म्हणून प्यालो न्हाय. त्यात माझा मोठेपणा काय बी न्हाय."

मग पिराजीनं माईक ओढला. "बघा, एवढं करून बी मोठेपणा घ्यायला तयार न्हाय. ह्येला म्हणत्यात नेता."

टाळ्या थांबेनात. तवनाप्पा हात वर करून "तसं न्हवं, ऐका की" म्हणत राहिले. घोषणांत ते कुणाला ऐकू येणार?

घरी परतताना ते पत्नीला, रत्नाबाईंना म्हणाले, "मी सगळं खरं सांगितलं. कुणी ऐकूनच घेतलं न्हाय."

"ऐकलं की. टाळ्या वाजवल्या," रत्नाबाई म्हणाल्या. "आता निवडून याल तुम्ही. उद्या खोटं बोललासा तरी अशाच वाजवतील. मला त्याचंच भ्या वाटतंय."