टाच आधी टेकली

चढाई करणारा त्याला नुसतं निसटतं बोट लावून परतला, तरी पंचाची शिट्टी वाजायच्या आत त्याचा हात वर जायचा. हात वर, मान खाली, आणि सरळ रेषेबाहेर. कबड्डीत असे गडी तुम्ही किती पाहिलेत? पंचाचं लक्ष नसलं तर लागलंच नाही म्हणणारेच जास्त. आमचे गडी त्याच्यावर चिडायचे. "अबे हरिश्चंद्र, मंग पंच काहून उभा केला?" त्याचं उत्तर ठरलेलं. "लागला त लागला गा."

तो खापा गावचा. सक्करदऱ्यातल्या आमच्या मंडळात आला तेव्हा अंगाने काटकुळा, पकड सैल. मी शाळेत पी.टी.चा मास्तर आणि मंडळाचा प्रशिक्षक. सराव संपला की बाकीचे चपला शोधत, हा माझ्यापुढे उभा. "सर, आज माह्यं काय चुकलं?" मी एखादी चूक सांगे, आणि चार दिवसांत ती त्याच्या खेळातून गेलेली असे. अंगात विशेष काही नसताना तो केवळ एवढ्यावर वाढला. मैदानाला, पंचाला, नशिबाला त्याने कधी बोल लावला नाही. खेळाडू मोठा होतो तो असा, हे मी सगळ्यांना सांगत फिरलो. ते आजही मला खोटं वाटत नाही. म्हणून तर पुढचं लिहिणं जड जातं.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी त्याचा डावा गुडघा सुजला. मी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तो बाहेर पट्टी बांधून घेत होता तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं, लिगामेंट फाटत आलं आहे, याला मैदानात उतरवू नका. बाहेर येऊन मी त्याला म्हणालो, "साधी सूज हाये. पट्टी बांध अन् खेळ."

राज्याच्या संघाची निवड करणारी माणसं येणार आहेत, पोराची संधी जाईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मंडळाला कधी विजेतेपदाची ढाल मिळाली नव्हती आणि मला ती हवी होती.

त्या सामन्यात पकडायला आलेल्या दोघांवरून त्याने उडी मारली, आणि त्याला उचलूनच बाहेर आणावं लागलं. ढाल गेली, गुडघा गेला, खेळाच्या कोट्यातून मिळत आलेली नोकरीही गेली.

इस्पितळात ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्याने मला तेच विचारलं. "सर, माह्यं काय चुकलं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तुही टाच आधी टेकली."

मी त्याची टाच पाहिलीसुद्धा नव्हती.

पुढे तो शाळेची व्हॅन चालवू लागला. क्लच दाबताना गुडघ्याला हाताने आधार द्यायचा. संध्याकाळी मैदानावर येऊन पोरांना उडी शिकवायचा. "टाच नाही, चवडा टेकवा. नाही त माह्यावानी व्हॅन चालवा." पोरं हसत, तोही हसे. मी खुर्चीवर बसून मान हलवत असे. कधी एकटाच ती उडी अर्धीमुर्धी करून बघायचा आणि माझ्याकडे लंगडत यायचा. आता समजलं म्हणायचा, उडीत खांदा मागे राहिला होता, म्हणून टाच टेकली. जी चूक त्याने केलीच नव्हती ती तो वर्षानुवर्षं शोधत राहिला.

गुडघ्यासाठी खाल्लेल्या गोळ्यांनी शेवटी त्याच्या किडन्या निकामी केल्या. तेव्हा कुठे मी नंदनवन वस्तीतल्या त्याच्या खोलीवर गेलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, मी काय लपवलं ते, टाचेचंही.

त्याने ऐकून घेतलं. मग बायकोकडे वळला. "ऐकून राहिली काय वं? सर माही चूक आपल्या अंगावर घेऊन राहिले."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली, आवाज चढवला. त्याने माझा हात थोपटला.

"राहू द्या सर. गुडघा माहा, उडी माही. तुमचं मन लय मोठं हाये."

त्याची बायको उठली आणि वाकून माझ्या पाया पडली. मला पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही.

पंधरवड्यात तो गेला. गेला तेव्हाही चूक त्याचीच होती.