बाजाररस्ता म्हणायचं नाही

आमची शिवणकाम करणारी मावशी पायाने मशीन चालवायची आणि तोंडाने डॉक्टरीणबाईंचा उद्धार करायची. दोघींचे मुलगे एकाच लढाईत गेले. बाईंच्या मुलाचं नाव बाजारातल्या मोठ्या रस्त्याला मिळालं. मावशीच्या मुलाचं नाव मिळालं तिच्याच घरासमोरच्या, तोवर बिननावाच्या गल्लीला.

"त्याला दिव्यांची रांग, आणि माझ्या लेकाला कचराकुंडी!" मावशी फणफणायची. "मरणालासुद्धा वशिला लागतो मेला!"

त्यात डॉक्टरीणबाई रोज संध्याकाळी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहायच्या. एक दिवस मावशीचा पारा चढला.

"काय हो, आमची कचराकुंडी बघायला येता?"

"ऐकायला येते," बाई म्हणाल्या. "इथे तुमच्या मुलाचं नाव घेतल्याशिवाय कुणाला पत्ताच सांगता येत नाही. माझ्या मुलाच्या रस्त्याला सगळे अजून बाजाररस्ताच म्हणतात."



त्या दिव्यांवरून मावशी शेवटपर्यंत जळत राहिली. पण त्या दिवसानंतर ज्या गिऱ्हाइकाच्या तोंडून 'बाजाररस्ता' निघाला, त्याचं कापड तिने न शिवताच परत केलं.