डावीकडचा गठ्ठा

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशीही त्यांच्या खुर्चीवरची गादी नवीच होती. खोटं सांगत नाही, तिचं कव्हर मीच शिवलं होतं आणि शेवटच्या दिवशी ते जसंच्या तसं निघालं. एकतीस वर्षांत त्या खुर्चीचा उपयोग झाला तो छत्री अडकवायला. बाई कधी बसायच्याच नाहीत. लोकांच्या एका पायाला भिंगरी असते, बाईंच्या दोन्ही पायांना होती. चित्रकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या ग्रंथपाल, मी बाइंडर. त्या वर, मी तळघरात. दिवसातून वीसदा जिन्यावर चपला वाजायच्या आणि मी मनात म्हणायचो, आली भिंगरी.

पुस्तकांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पानं, शिलाई, पाठ, पुठ्ठा, झालं पुस्तक. बाईंना वेड होतं ते वेगळ्याच पुस्तकांचं. चित्रकार स्वतःच्या हातांनी करतात ती. छापखान्याचा संबंध नाही, प्रत एकच, फार तर पाच. कुणी वर्षभराची बसची तिकिटं जोडून पुस्तक केलेलं, कुणी शिंप्याच्या बेतलेल्या कागदांचं. एक तर काडेपेटीत मावणारं, दोरा ओढला की पानं बाहेर यायची. अशी पहिली चार-पाच बाईंनी माझ्या टेबलावर मांडली तेव्हा मी म्हणालो, "बाई, एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"चिंध्या तर चिंध्या. हात धुऊन या आणि उघडून बघा."

"मी पुस्तकं शिवतो. वाचत नाही."

हे उत्तर मला भलतंच आवडलं होतं. त्याच वर्षी बाईंनी माझ्या नावाचं वाचकाचं कार्ड केलं. दर वर्षी त्या ते स्वतः नवं करायच्या, खाली घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "एक तरी घ्या हो नावावर." मी तेच उत्तर द्यायचो. कार्ड कोरंच्या कोरं वर जायचं.

महाविद्यालयाच्या समितीला बाईंची पुस्तकं म्हणजे पोरखेळ वाटायचा. तरी अध्यक्ष भले गृहस्थ. ते म्हणाले, काचेचं कपाट देतो, त्यात ठेवा आणि कुलूप लावा. बाई भर बैठकीत म्हणाल्या, "काचेत ठेवायला ते काय मासे आहेत? पुस्तक आहे, माणसाच्या हातात जायला हवं." उचलली जीभ लावली टाळ्याला. अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, मग इतर पुस्तकांचा नियम यांनाही. नियम असा की पाच वर्षांत ज्या पुस्तकावर एकाही वाचकाचं नाव चढलं नाही, ते रद्द. रद्द म्हणजे रद्दी.

तेव्हापासून बाईंची पळापळ जी सुरू झाली ती थांबलीच नाही. विद्यार्थी न्यायचे, पण विद्यार्थी किती पुरणार? बाई खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडायच्या. बेतलेल्या कागदांचं पुस्तक कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेलं. त्याने पहिल्याच पानाला सांगितलं, "ही बाही चुकलीय." मग चार दिवस ते परतच देईना. तिकिटांचं पुस्तक बस डेपोत गेलं आणि दोन कंडक्टर त्यावरून भांडले. बाई परत आल्या त्या नाचतच. एकदा पुस्तकांच्या मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांची घालमेल मला बघवेना. मी म्हणालो, "बाई, द्या तो शिक्का इकडे. राहिलेल्या तिन्हींवर मीच कुणाचंही नाव टाकून तारखा मारतो. कोण बघतंय?" बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वाचल्याशिवाय नाव नाही, हा त्यांचा धर्म.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगायचीच नव्हती, म्हणून इतका फिरलो.

माझ्या टेबलाची शिस्त सगळ्यांना ठाऊक होती. डावीकडचा गठ्ठा बांधायचा, उजवीकडचा झालेला, वर न्यायचा. बाकी चर्चा नाही. एकवीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी बाई धावत खाली आल्या, हातात एक कागदी पाकीट. वर फोन वाजत होता, कुणीतरी हाका मारत होतं, आणि उजवीकडे झालेल्या पुस्तकांची चळत. पाकीट जागा दिसेल तिथे टेकवून बाई पळाल्या. ते टेकलं डावीकडे.

पाकिटात चाळीस सुटे जाड कागद. पानांना आकडे नाहीत, कडा ओबडधोबड. प्रत्येकावर काही चौकोन आणि एक काळी रेघ. मला कीवच आली. म्हटलं, कुणाची तरी पानं सुटलीत बिचारी. दाभणाने भोकं पाडली, दुहेरी दोऱ्याने शिवलं, तिन्ही बाजूंनी कटर मारून कडा सरळ केल्या, लाल रेक्झिन चढवलं. पहिल्या कागदावर नाव होतं, 'आईचा दिवस'. पाठीवर सोनेरी अक्षरांत तेही टाकलं. इतकं सुबक काम महिन्यात झालं नव्हतं. सोमवारी स्वतः वर नेऊन दिलं.

बाईंनी ते उघडलं. पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. मग खुर्चीवरची छत्री बाजूला केली आणि बसल्या. मी बाईंना बसलेलं पाहिलं ते तेवढं एकदाच. ओरडल्या असत्या तर मी दोन हात केले असते. बसलेल्या बाईंशी काय भांडणार?

"हे सुटंच होतं हो," त्या एवढंच म्हणाल्या. "मांडायचं होतं."

"डावीकडे होतं."

"हो. मीच ठेवलं."

"मग झालं तर! डावीकडे म्हणजे डावीकडे."

पडलो तरी नाक वर, तसला माझा स्वभाव. पुस्तक करणारी चित्रकार आठवड्याने आली. किडकिडीत, खांद्याला कापडी झोळी. मी जिन्याच्या वळणावरून दाराच्या काचेतून पाहिलं. तिने पुस्तक हातात घेतलं, पाठ पाहिली, बाईंशी थोडं बोलली आणि गेली. आता मला वर बोलावणार, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. कुणी बोलावलं नाही. मी समजलो, प्रकरण मिटलं. पण मिटलं असतं तर ते लाल रेक्झिन कपाटात दिसलं की मी तोंड का फिरवलं असतं?

वर्षं गेली. बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक मुलगी आली. शांत, कामाची, सगळं संगणकावर. बाई तरी दर आठवड्याला नवा वाचक पकडून आणायच्याच. यंदा मात्र घराच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. भिंगरी पलंगाला बांधली गेली. मग फोन सुरू झाले. मोजणी तोंडावर आलेली, तळघरात माझा फोन दिवसातून आठदा वाजायचा. "अहो, काडेपेटीवालं कुणी नेलं का? त्या घड्याळजींना विचारा, त्यांचे हात बारीक कामाचे आहेत." मी घड्याळजींकडे जायचो. "तिकिटांचं?" मी डेपोत जायचो. या वयात माझ्याही चपला झिजल्या. एकेक करत बाकी सगळ्यांवर नावं चढली. लाल पुस्तकाचा विषय बाईंनी एकदाही काढला नाही. मी तरी कशाला काढतोय?

मोजणी झाली. रद्द व्हायची पुस्तकं आधी माझ्याकडे येतात, कारण पुठ्ठे काढल्याशिवाय रद्दीवाला उचलत नाही. यादी शनिवारी कायम होणार होती. गुरुवारी गठ्ठा आला. जुनी नियमावली, फाटके कोश, आणि सगळ्यांत वर लाल रेक्झिन. ठेवणाऱ्याने ठेवलं डावीकडेच.

मी सुरी घेतली. मागचं आवरण उघडलं तर आतल्या कागदी खिशातलं सह्यांचं कार्ड बाहेर सरकलं. त्यावर चार सह्या होत्या, चार-चार वर्षांच्या अंतराने. चारही एकाच हाताच्या. पहिली ठसठशीत, चौथी इतकी कापरी की कागद फाटेल असं वाटावं. ही सही मी पाहिलेली होती. पहिल्या पानावर, 'आईचा दिवस'च्या खाली. जिचं पुस्तक मी शिवून टाकलं होतं, तीच ते दर चार वर्षांनी येऊन नेत होती, म्हणून ते इतकी वर्षं वाचलं होतं. चौथ्या सहीला पाच वर्षं होऊन गेली होती.

सुरी खाली ठेवली. पुस्तक उचललं. तसाच वर गेलो.

"मुली, हे पुस्तक मला नावावर हवंय."

ती बघतच राहिली. "तुम्हाला, काका? तुम्ही तर..." मग तिने खण उघडला. "तुमचं कार्ड आहे. बाई जाताना सांगून गेल्यात, दर वर्षी नवं करत जा, एक दिवस मागतील." पाचवी सही मी केली. वाचक म्हणून माझी आयुष्यातली पहिली.

रविवारी सकाळी खिडकीत बसून आधी शिवलेलंच वाचलं. बाईंचा धर्म. चौकोन म्हणजे खोल्या होत्या, छतावरून पाहिल्यासारख्या. काळी रेघ म्हणजे आईचं चालणं. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत एकच रेघ. कडेला बारीक अक्षरं: पाणी. दार. चूल. पुन्हा दार. माझ्या पुस्तकात ती रेघ दर पानावर सुरू होत होती आणि लगेच तुटत होती. एका बाईच्या दिवसाचे मी चाळीस तुकडे केले होते आणि वर सोनेरी अक्षरं टाकली होती.

मग उसवलं. दोरा न दोरा काढला, मागची खळ ओल्या फडक्याने सोडवली आणि पानं जमिनीवर मांडायला घेतली. मला जमेना. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आता पानं वाढू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"थांब जरा."

ती थांबली, बघत राहिली आणि खाली बसली. "हे इथे नाही, तिथे. हे दार आहे ना? त्याच्या पलीकडे ओटा." अर्ध्या तासात तिने घर लावलं. मग बोट रेघेवरून फिरवत म्हणाली, "ही सारखी दाराशी का जातेय हो?"

"असेल काहीतरी काम."

"काम कसलं! कुणाची तरी वाट बघतेय." माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आणि रेघ जुळत का नाही? सगळीकडे सूतभर कमी पडतेय."

"मी कापलंय."

"विचारायचं तरी कापण्याआधी."

एकवीस वर्षांत मला कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. डावीकडे होतं, हे उत्तर तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. लाज वाटली. चांगलीच वाटली.

दोन दिवस खपून कापडी पेटी केली, त्यात पानं सुटी ठेवली आणि बुधवारी दुपारी बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या धाकट्या भावाने दार उघडलं. "बरं झालं आलात. आज सकाळपासून तिने माझ्याकडून कपाट तीनदा लावून घेतलंय." बाई पलंगावर, पाय उशीवर, हातात काठी. काठीने पडदा सरकवत होत्या, परत ओढत होत्या. मी पेटी उघडून पुढे धरली. काठी थांबली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" आवाज एकदम करडा.

"कुणी नाही."

"मी फोनवर काही बोलले?"

"हे सोडून सगळं बोललात."

"वाचून उसवलंत, की नुसतंच?"

"वाचून. हिनेही वाचलं."

बाईंनी डोळे मिटले. काठी पलंगावर आडवी ठेवली. मग म्हणाल्या, "ती चित्रकार आली त्या दिवशी मी तिला म्हटलं, मी आत्ता उसवून घेते. ती म्हणाली, नको. ज्याने शिवलंय त्यानेच उसवावं, वाचून. आणि सांगून नको. सांगून उसवलं तर ते त्याचं आणखी एक काम होईल."

"म्हणून त्या..."

"दर चार वर्षांनी यायची. आधी पाठ बघायची. शिवलेलंच असायचं. विचारायची, 'अजून नाही का?' मग सही करायची, तुम्हाला आणखी वेळ मिळावा म्हणून. शेवटच्या खेपेला तिला जिना चढायला अर्धा तास लागला."

"आता कुठे असतात?"

"गेली. तीन वर्षं झाली."

माझ्या तोंडून निघालं, "मला एकदा वर बोलवायचं होतंत, बाई."

"दर वर्षी कार्ड घेऊन खाली कशाला येत होते हो मी?"

मला रडू आलं. भाऊ पाणी आणायला म्हणून आत गेला, तो तिथेच रेंगाळला.

"पुरे आता," बाई म्हणाल्या. "मांडा."

पलंगाच्या तिन्ही बाजूंनी जमीन मोकळी केली आणि मी गुडघ्यांवर बसून पानं लावू लागलो. बाई काठीने जागा दाखवत होत्या. त्यांना ते घर पाठ होतं. आई उठली, पाण्याला गेली, दाराशी गेली, परत फिरली. प्रत्येक कडेशी रेघ सूतभर तुटत होती. बाईंना ते दिसत होतं, मलाही. शेवटच्या दाराशी मी थांबलो, पान हातातच राहिलं.

"लावा," बाई म्हणाल्या. "तिने वाट बघितलीय."