ग्रोझदानाची जाहिरात आणि आत्याचं बोट

प्रेमापोटी कुणी तुमचा धंदा बुडवलाय का? सर्बियातल्या लेस्कोवात्सच्या ग्रोझदानाचा बुडत होता. मिरच्या भाजायच्या यंत्राची जाहिरात तिने इंटरनेटवर लावली होती. यंत्र विकलं गेलं तरच तिला कमिशन, पण प्रत्येक क्लिकचे पैसे तिच्याच खिशातून. जाहिरातीसाठी ठरवलेले रोजचे तीनशे दिनार सकाळी नऊलाच संपायचे आणि विक्री शून्य!

“अगं, तुझी जाहिरात मीच उघडते रोज, कॉफी पिताना!” रादोयका आत्या कौतुकाने म्हणाली. “शेजारणींनाही लावलंय कामाला.”

ग्रोझदानाने गुपचूप आपल्या गावात जाहिरात दिसणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी बेलग्रेडमध्ये दोन यंत्रं खपली आणि आत्या फणफणत दारात आली. “आम्हाला दिसेनाशी कशी झालीस गं? शहरवाल्यांची झालीस?”

तुम्हालाही घरच्या कुणाची जाहिरात दिसली, तर कृपा करा. कौतुक तोंडाने करा, बोट आवरा.